अंकोर टीएमसीत मोजा

कात्रजचा तलाव ४२ एकरांचा. राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या १३० एकरांपैकी जवळपास तिसरा हिस्सा त्याच्या पाण्याने व्यापला आहे. काठावर उभं राहिलं की तो चांगला ऐसपैस वाटतो. आता कंबोडियात चला. अंकोर थॉम या जुन्या राजधानीच्या पश्चिमेला अकराव्या शतकात बांधलेला एक तलाव आहे, पश्चिम बाराय. लांबी ७.८ किलोमीटर, रुंदी २.१ किलोमीटर. गुणाकार केला की चार हजार एकरांच्या वर आकडा जातो. कात्रजचे ९६ तलाव त्यात शेजारी शेजारी मांडता येतील.

अंकोरला जाणारा मराठी पर्यटक सहसा हा तलाव न बघताच परत येतो. पहाटे साडेचारला उठायचं, अंकोर वाटच्या पुढ्यात सूर्योदय बघायचा, मग बायोनचे हसरे चेहरे, मग ता प्रोमच्या भिंती गिळणारी झाडं. फ्रेंचांच्या काळापासून चालत आलेले दोन फेरे आहेत, एक १७ किलोमीटरचा आणि एक २६ किलोमीटरचा. टुकटुकवाले त्यातलेच देवळांचे थांबे घेतात आणि पश्चिम बाराय दोन्हींच्या बाहेर राहतो. वाईट एवढंच, की ख्मेर राज्याचा खरा पसारा कळायला शिखरापेक्षा पाणी जास्त उपयोगी पडतं. आणि पाणी मोजायची सवय पुणेकराइतकी कुणाला असणार?

पावणेदोन टीएमसी

जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासला साखळीत किती पाणी आलं हे पुण्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला मिळून २९.१५ टीएमसी. त्यातलं एकट्या खडकवासल्याचं १.९७. पश्चिम बारायची क्षमता अभ्यासकांनी पाच कोटी घनमीटरच्या आसपास धरली आहे. आपल्या भाषेत पावणेदोन टीएमसी. म्हणजे खडकवासल्याला जवळजवळ तोडीस तोड, आणि बांधला गेला त्याच्या आठशे वर्षं आधी.

पण खडकवासल्याला डोंगरांनी बाजू फुकट दिल्या. माणसाने मुठेवर आडवी भिंत तेवढी घातली. कात्रजलाही तसंच. १७४९-५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी घाटाच्या पायथ्याशी येणारं पाणी बांध घालून अडवलं आणि दगडी नळातून आठेक किलोमीटरवरच्या शनिवारवाड्यापर्यंत नेलं. वाटेत काळा हौद, बदामी हौद भरले. पंप नाही, मोट नाही, सगळं उतारावर. अंकोरच्या लोकांकडेही उतार हेच एक यंत्र होतं, पण किती? कुलेन डोंगरापासून टोन्ले सॅप सरोवरापर्यंतचं मैदान किलोमीटरला जेमतेम मीटरभर उतरतं. डोळ्याला सपाटच. दरी नाही, खिंड नाही. म्हणून त्यांनी जमिनीवर चारही बाजूंनी मातीचे बांध उभे केले आणि पाणी त्या आयतात कोंडलं.

त्या बांधांची एकूण लांबी वीस किलोमीटर. उंची दहा मीटर आणि पायथ्याची रुंदी शंभर मीटर धरू. काटछेद त्रिकोणी मानला तर लागणारी माती होते एक कोटी घनमीटर. एका माणसाने दिवसाला एक घनमीटर माती खणून, डोक्यावर वाहून, चोपून बसवली असं समजा. एक कोटी दिवसांची मजुरी झाली. दहा हजार माणसं लावली तर हजार दिवस. पावसाळा आणि भाताचा हंगाम सोडला तर वर्षाकाठी दीडशे दिवस हाती लागतात. म्हणजे साधारण सात उन्हाळे.

हे उत्तर अपेक्षेपेक्षा लहान निघतं. लहान का, ते महाराष्ट्राला समजायला हवं. १९७२ च्या दुष्काळात मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर एका वेळी जवळपास पन्नास लाख माणसं होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती, बांध घालत होती. त्या पन्नास लाखांनी रोज घनमीटरभर माती उचलली असती, तर पश्चिम बारायचे बांध दोन दिवसांत उभे राहिले असते. डोंगराएवढं काम दिसलं की आपण लगेच गूढ शास्त्र शोधायला लागतो. बहुतेक वेळा उत्तर असतं टोपली, आणि ती उचलणारे हात.

दर दीड मिनिटाला एक दगड

आता देवळाकडे वळू. दुसरा सूर्यवर्मन १११३ मध्ये गादीवर आला आणि त्याने विष्णूसाठी अंकोर वाट बांधायला घेतलं. खंदकासकट त्याचा आयत दीड किलोमीटर बाय एक किलोमीटर ३०० मीटर, म्हणजे सुमारे ४८० एकर. कात्रजची साडेतीन प्राणिसंग्रहालयं आत जाऊन वर जागा उरेल. खंदकच १९० मीटर रुंद. मधलं शिखर जमिनीपासून ६५ मीटर. एका भिंतीवर समुद्रमंथन कोरलंय, त्याची लांबी ४९ मीटर. पश्चिमेच्या दालनात एका अंगाला कुरुक्षेत्र, दुसऱ्या अंगाला लंकेचं युद्ध. मराठी माणसाला तिथे वाटाड्या लागत नाही. बाणांच्या शय्येवरचा भीष्म तो लांबूनच ओळखतो.

दगड किती, याचे अंदाज ५० लाखांपासून एक कोटीपर्यंत आहेत. एकेकाचं वजन दीड टनापर्यंत. आपण कमी आकडा धरू. बांधकाम साधारण ३५ वर्षं चाललं. एकही सुट्टी न घेता दिवसाला ३९० दगड. रोज दहा तास काम म्हटलं तर दर दीड मिनिटाला एक दगड जागेवर बसला पाहिजे, तोही ३५ वर्षं न चुकता. आणि दगड तिथला नाहीच. तो कुलेनच्या पायथ्याच्या खाणींतून आला, चाळीसेक किलोमीटरवरून. कात्रजहून घाट ओलांडून शिरवळ गाठावं, साधारण तेवढं अंतर. त्यांच्या वाटेत घाट नव्हता, कालवे होते. दगड पाण्यावरून आले असं खाणी आणि जुने कालवे तपासणाऱ्या संशोधकांचं म्हणणं आहे.

अंकोर थॉमच्या पाच दरवाजांपुढे प्रत्येकी ५४ देव आणि ५४ असुर नाग ओढत बसले आहेत. बेरीज १०८, हे आपल्याला सांगावं लागत नाही. पाच दरवाजांचे मिळून ५४० धिप्पाड पुतळे होतात.

तळ्याच्या तळातून धावणारी टुकटुक

सव्वीस किलोमीटरच्या फेऱ्यात पूर्व मेबॉन नावाचं देऊळ लागतं. चारी कोपऱ्यांना दगडी हत्ती, फोटोला झकास. पर्यटक पायऱ्या चढतो, उतरतो, आजूबाजूची भातखाचरं बघत पुढे निघतो. ते देऊळ हे एक बेट होतं. नवव्या शतकाच्या शेवटी यशोवर्मनाने बांधलेला पूर्व बाराय, साडेसात किलोमीटर लांब आणि १.८ किलोमीटर रुंद, त्याच्या मधोमध. आज तो कोरडा आहे. भात पिकतंय ते त्याच्या तळावर आणि टुकटुक धावतेय तीही तळावरूनच. ७९ कात्रज तलावांइतकी जागा ओलांडली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. काही गोष्टी इतक्या मोठ्या असतात की दिसतच नाहीत.

शहराचंही तेच झालं. जंगलात सुटी सुटी देवळं आहेत असं दीर्घकाळ वाटत होतं. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेझरचे किरण झाडांच्या पानांतून जमिनीपर्यंत सोडले, तेव्हा रस्त्यांची चौकट, घरांचे उंचवटे, तळी, कालवे नकाशावर उमटले. वस्ती, शेती आणि पाण्याचं जाळं धरून अंकोरचा पसारा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जातो. नवी गावं घेऊन फुगलेली पुणे महापालिका पाचशेच्या घरात आहे. म्हणजे दोन पुणी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेराव्या शतकातली लोकसंख्या सात ते नऊ लाख धरली आहे. पुणे महापालिका १९५१ च्या जनगणनेतही पाच लाखांच्या आत होती. मात्र अंकोर दाटीवाटीचं नव्हतं. चौरस किलोमीटरला हजारभर माणसं, घरामागे तळं, तळ्यामागे भात.

उलटी वाहणारी नदी

या सगळ्याला खायला घालणारं पाणी म्हणजे टोन्ले सॅप. उन्हाळ्यात ते सरोवर अडीच हजार चौरस किलोमीटरचं असतं, पाच पुणे महापालिकांएवढं. मग मेकाँगला पूर येतो आणि सरोवरातून समुद्राकडे निघालेली नदी मागे ढकलली जाते. काही महिने ती चक्क उलटी वाहते. सरोवर पसरत पसरत पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या पुढे जातं. अख्खा पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटरचा. भीमाशंकरपासून इंदापूरपर्यंत सगळा जिल्हा दरवर्षी पाण्याखाली जातो आणि दरवर्षी वर येतो, असं डोळ्यांपुढे आणा.

पुरातला साठा ५० ते ८० घनकिलोमीटर. इथेही खालचाच आकडा घेतला तर साडेसतराशे टीएमसी. खडकवासला साखळी साठ वेळा भरेल. १०५ टीएमसीचं कोयना धरण सोळा वेळा भरून उरेल. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास नदी पुन्हा सुलट होते आणि नॉम पेन्हला नावांच्या शर्यती लागतात.

७९,३६५ माणसं, एका देवळासाठी

तलाव नि दगड मोजून झाले. हात कुणाचे होते, याचं उत्तर ता प्रोमच्या शिलालेखात मिळतं. सातव्या जयवर्मनाने ११८६ मध्ये हे देऊळ आईच्या स्मरणार्थ उभारलं आणि संस्कृत श्लोकांत त्याचा हिशेब कोरून ठेवला. निवासाचा हक्क असलेले १२,६४०. त्यांत ६१५ नर्तकी. देवळाला नेमून दिलेली गावं ३,१४०. सेवेतली एकूण माणसं ७९,३६५. भागाकार करा: गावामागे पंचवीस. कुंपणाच्या आतली जागा १६० एकर. ते १२,६४० लोक खरंच सगळे आत राहत असतील, तर चौरस किलोमीटरला एकोणीस हजारांहून जास्त दाटी होते. २०११ च्या जनगणनेत पुण्याची सरासरी साडेबारा हजारांच्या आसपास होती.

याच शिलालेखात राज्यभरातल्या १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. मोत्यांचा आकडाही आहे, ४०,६२०. आरोग्यशाळा आणि मोती एकाच वहीत, एकाच अभिमानाने. मात्र त्या ७९,३६५ जणांना काम नको म्हणायची मुभा होती का, याबद्दल श्लोक गप्प आहेत.

हा प्रश्न आठशे वर्षांपूर्वीचा म्हणून सोडून देता येत नाही. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज सत्तेवर आले. त्यांच्या लाल झेंड्यावर अंकोर वाटची शिखरं होती. पूर्वजांनी हे उभारलं तर आपणही काहीही उभारू, असा तो दावा होता. हुकूम सुटला: हेक्टरी तीन टन भात. त्यासाठी वीसेक लाखांचं नॉम पेन्ह काही दिवसांत रिकामं केलं आणि शहरवाल्यांना कालवे खणायला लावलं. १९७७ मध्ये वायव्येला त्रपियांग थ्मा इथे हजारो माणसांकडून टोपल्यांनी मातीचं धरण बांधून घेतलं, उपाशीपोटी, बंदुकीच्या धाकावर. पावणेचार वर्षांत देशभरात १५ ते २० लाख माणसं मेली. देशाची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आत होती.

त्याच १९७७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. टोपली तीच, बांध तसेच, ऊनही तितकंच. फरक एवढा की इथे माणूस काम मागू शकत होता आणि मजुरी मिळणं हा त्याचा हक्क ठरला. म्हणून कोणताही अचाट आकडा वाचताना आणखी एक रकाना हवा: मोबदला. तो रिकामा असेल तर घनमीटरांचं कौतुक जरा जपून करावं.

तिकिटाचा हिशेब

आजच्या पाहुण्याचाही हिशेब आहेच. परदेशी माणसाला एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, सात दिवसांचं ७२. म्हणजे चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे चार दिवस अवघ्या दहा डॉलरांत. ख्मेर माणसाला प्रवेश फुकट. डॉलरला चार हजारांच्या आसपास रिएल, त्यामुळे शंभराची नोट मोडली की खिशात चार लाख. २०१९ मध्ये सुमारे २२ लाख परदेशी लोकांनी अंकोरची तिकिटं काढली. एवढ्या पाहुण्यांच्या आंघोळीला अंकोरशेजारच्या सिएम रीप शहरातल्या हॉटेलांनी जमिनीखालचं पाणी उपसलं. अंकोर वाट उभं आहे ते वाळूच्या भरावावर, आणि ती वाळू घट्ट राहते ती खंदकामुळे भिजलेली राहते म्हणून. बोअरवेलने खचलेलं भूजल म्हणजे काय, हे कात्रज-आंबेगावच्या सोसायट्यांना टँकरच्या बिलावरून ठाऊक आहे.

दर तिकिटातले दोन डॉलर कान्था बोफा या मुलांच्या मोफत रुग्णालयांना जातात. २२ लाख तिकिटांचे ४४ लाख डॉलर. जयवर्मनाच्या १०२ आरोग्यशाळांचा खर्च गावांच्या भातावर चालत होता. या रुग्णालयांच्या खर्चाला बाहेरच्या पाहुण्याचा हातभार लागतो. तिकिटाच्या खिडकीशी ३७ डॉलर जास्त वाटले, तर हे दोन आधी वजा करा. आणि शक्य असेल तर तीन दिवसांचं घ्या. त्यातली एक संध्याकाळ देवळांना सुट्टी देऊन पश्चिम बारायच्या बांधावर काढा, म्हणजे पावणेदोन टीएमसी किती असतं ते एकदा नीट कळेल.