सैंधव म्हणजेही मीठच

“आम्ही साधं मीठ कधीच बंद केलंय, घरात आता फक्त सैंधव.” रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या सत्तरीतल्या माणसांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता गप्प बसवत नाही. काका, सैंधव म्हणजेही मीठच. ते खाणीतून येतं एवढंच.

रक्तदाब वाढवतं ते मिठातलं सोडियम. सैंधवात सोडियम क्लोराइड साधारण ९७-९८ टक्के असतं, म्हणजे साध्या मिठाइतकंच म्हणा ना. दोन्हींपैकी कुठलंही ५ ग्रॅम खा, पोटात जवळजवळ २ ग्रॅम सोडियम जातं. “पण त्यात पोटॅशियम असतं!” असतं, ५ ग्रॅममध्ये जेमतेम दहा-वीस मिलिग्रॅम. एक केळं खाल्लं तर साडेतीनशेच्या वर मिळतं. सैंधव जाडसर असेल तर चमच्यात वजनाने कमी मावतं, हे खरं. पण मग आमटी अळणी लागते आणि पुन्हा चमचा डब्यात जातो. उपवासाला चालतं म्हणून ते औषधी ठरत नाही. शिवाय थेट खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या साध्या मिठात आयोडीन घालणं आपल्याकडे सक्तीचं आहे. सैंधवात ते सहसा नसतं.

मला खरी चीड येते ती यातून येणाऱ्या निर्धास्तपणाची. सैंधवच आहे म्हणून हात सैल सुटतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. उतारवयात धमन्या ताठरतात, मूत्रपिंडांना जादा सोडियम बाहेर टाकायला जड जातं, आणि जिभेची चव मंदावल्यामुळे जेवण नेमकं तेव्हाच अळणी वाटू लागतं.

बदली मीठ हवंच असेल तर पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं, कमी सोडियमचं मीठ मिळतं. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार जणांवर त्याचा अभ्यास झाला. २०२१ साली निष्कर्ष आले, पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

“मी वरून मीठ घेत नाही.” छान, पण लोणचं? पापडातला पापडखार, ढोकळ्यातला सोडा, पित्तावर घेतलं जाणारं फेसाळ चूर्ण, या सगळ्यांत सोडियम आहे. खाऱ्या न लागणाऱ्या पावातही आहे.

“मग मीठ पूर्ण बंद करतो.” तेही नको. लघवीची गोळी घेणाऱ्या वृद्धांचं सोडियम अचानक उतरू शकतं. माणूस बरळू लागतो, तोल जाऊन पडतो.

उद्या सकाळी एवढंच करा. माणशी पाऊण चमचा मीठ, सैंधव असो वा साधं, मोजून एका वाटीत काढा. दिवसभराचा स्वयंपाक त्यातच करा आणि ज्या दिवशी पानात लोणचं-पापड असेल, त्या दिवशी त्याहून कमी काढा. वाटी संपली की डबा उघडू नका.