ताकासाकियामाची गादी आणि माद्यांची मर्जी

युद्धोत्तर ओढगस्तीच्या काळात, 1948 साली, क्योतो विश्वविद्यालयाचे किंजी इमानिशी क्यूशू बेटाच्या दक्षिण भागात मोकाट घोड्यांचे निरीक्षण करण्यास गेले असता तेथील रानमाकडांनी त्यांचे लक्ष असे काही वेधले, की घोड्यांचे दप्तर हळूहळू बाजूला पडून जुनइचिरो इतानी व शुन्झो कावामुरा या त्यांच्या तरुण शिष्यांची पुढील कित्येक वर्षे माकडांच्या मागावर गेली. प्रत्येक जनावराचा चेहरा ओळखावयाचा, त्याला नाव द्यावयाचे आणि त्याच्या नातेगोत्याची नोंद वर्षानुवर्षे ठेवावयाची, ही त्यांची रीत. माकडांना नावे देणाऱ्या या मंडळींना पश्चिमेकडील पंडितांनी बराच काळ नावे ठेवली; परंतु कोणाचे कोणाशी जुळते, हा प्रश्न अशी ओळख पटल्यावाचून विचारताच येत नाही.

ओइता शहराजवळच्या ताकासाकियामा डोंगरावरील माकडांना 1952-53च्या हिवाळ्यात खाद्याची चटक लावण्यात आली आणि इतानींनी 1954 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने तो कळप जपानभर गाजला. मध्यभागी माद्या, पिले व थोडे वजनदार नर, भोवतालच्या कड्यात उमेदवारी करणारे तरुण नर, आणि या साऱ्यांवर ज्युपिटर नावाचा म्होरक्या, असे ते चित्र होते; वाचकांच्या मनात दरबार उभा राहिला, आणि दरबार म्हटला की जनानखाना ओघानेच आला. चित्रात खोट नव्हती, पण ते खाद्याच्या आवारात बसून काढलेले होते, आणि रताळी एका जागी पडली की हुद्दे ठळक होतात, हा भेद पुष्कळांच्या ध्यानी उशिरा आला. याकुशिमाच्या अरण्यात 1970च्या दशकापासून खाद्य न टाकता निरीक्षणे सुरू झाली, तेव्हा समागमाच्या ऋतूत बाहेरून आलेले उपरे नरही कळपातल्या माद्यांशी संग करताना आढळले.

हा ऋतू शरदात सुरू होऊन हिवाळाभर चालतो. मादीचे तोंड व पुठ्ठा लालभडक होतो, ती एखाद्या नराच्या मागे मागे फिरू लागते, त्याच्या पुढ्यात बसून त्याचे केस निवडते, तो उठला की उठते; नर थोड्या थोड्या अंतराने अनेक वेळा आरूढ होतो तेव्हा कोठे एक समागम पुरा होतो, आणि कित्येकदा मादीच त्याच्या पाठीवर चढते. असा जोडा काही तास, कधी काही दिवस टिकतो. मग ती दुसऱ्याकडे जाते, आणि तो दुसरा पुष्कळदा कडेच्या वर्तुळातला असतो. म्होरक्या धावून जातो, जोडा फोडतो. परंतु एकाच वेळी अनेक माद्या माजावर असता एकट्याचा अंमल कोठवर पुरणार?

क्योतोनजीकच्या आराशियामा येथे युकिओ ताकाहाता यांना याहून विलक्षण गोष्ट दिसली, आणि साऱ्या वृत्तान्तात मला तीच अधिक मोलाची वाटते. काही नर-मादी ऋतू संपल्यावरही एकमेकांच्या सान्निध्यात राहतात, मादीला त्या नराचे पाठबळ लाभते, आणि तरीही पुढल्या ऋतूत नेमकी तीच जोडी सहसा समागम टाळते. आई व मुलगा यांच्यात संग जवळजवळ होत नाही, हे आधीच ठाऊक होते. येथे रक्ताचे नाते नसताना निव्वळ सहवासाने तोच परिणाम घडला. संसार मुरला की शृंगार ओसरतो, असे म्हणून आमचे विनोदी लेखक मोकळे झाले असते. पण 2008 साली आराशियामातील पितृत्वाचा जो तपास प्रसिद्ध झाला, त्यातही कळपात दीर्घकाळ वहिवाट असलेल्या नरांना माद्या डावलतात, असेच निघाले. त्यापूर्वी, 1991 मध्ये, इनुयामाच्या बंदिस्त कळपातील डीएनएच्या तपासणीने हुद्दा व संतती यांचा मेळ बसत नसल्याचे दाखविलेच होते.

या परंपरेची एक शाखा आपल्या दाराशी येऊन गेली आहे. क्योतोचेच युकिमारु सुगियामा 1961 पासून धारवाडच्या रानात काळतोंड्या वानरांचा अभ्यास करीत होते. तेथील बऱ्याच कळपांत प्रौढ नर एकच. उरलेले नर टोळ्या करून भटकतात. 1962 साली अशा एका टोळीने कळपावर चाल करून जुन्या धन्याला हुसकावले, त्यांतल्या एकाने मग आपल्या साथीदारांनाही बडतर्फ केले, आणि माद्यांच्या अंगावरची पिले एकामागून एक चावून मारली. पिले गमावलेल्या माद्या लवकरच माजावर येऊन त्याच्याशी रत झाल्या. 1965 साली हे छापून आल्यावर बिथरलेल्या जनावरांची विकृती म्हणून ते झटकून टाकण्याकडे अनेकांचा कल होता. पुढल्या दशकात अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास करणाऱ्या सारा हर्डी यांनी मात्र त्यात नराचा वंशलाभ पाहिला, आणि अनेकांशी संग करून बाप कोण हे संदिग्ध ठेवणे हा मादीचा त्यावरील तोडगा, असा अर्थ लावला. तो कानी पडल्यावर जपानी माकडिणींच्या चंचलतेकडे पूर्वीच्या नजरेने पाहणे कठीण झाले.

ताकासाकियामावर 2021च्या उन्हाळ्यात याकेई नावाच्या 9 वर्षांच्या मादीने, आधी स्वतःच्या आईला व मग 31 वर्षांच्या नांचू या म्होरक्याला नमवून, सुमारे पावणेसातशे माकडांच्या ‘बी’ कळपाची गादी घेतली. असे त्या डोंगरावरील माकड-उद्यानाच्या इतिहासात प्रथमच घडले. खात्रीसाठी रखवालदारांनी शेंगदाणे टाकले, तेव्हा नांचू बाजूला सरला व तिने आधी खाल्ले. हिवाळ्यात लुफी नावाचा नर तिच्या पाठीस लागला, ती त्याला झिडकारू पाहत होती, आणि या धामधुमीत तिचा हुद्दा जातो की काय, अशी चर्चा वृत्तपत्रांत चालली. ऋतू सरला तेव्हाही गादी याकेईकडेच होती.