क्षण पकडताना

ईसीजी म्हणजे हृदयाचा आलेख. छातीवर लावलेल्या तारांतून मिळणारा हृदयाचा विद्युतदाब जेमतेम १ मिलिव्होल्टच्या घरातला. कागदावर १ मिलिव्होल्टची उंची १० मिलिमीटर धरतात, आणि त्यातला १ मिलिमीटरचा फरकही निदानाला वळण देऊ शकतो. मी बी.ए. झालेला, कवितेचा माणूस. पण धावता क्षण जसाच्या तसा धरायचा कसा, हा कवितेचाही प्रश्न. म्हणून या विषयाची गोडी लागली.

यंत्र हा दाब आधी शेकडो पटींनी वाढवतं आणि मग सेकंदाला शेकडो वेळा त्याचे नमुने घेतं. आकडा वाचून होईपर्यंत दाब स्थिर राहायला हवा. त्यासाठी एक स्विच आणि एक कपॅसिटर असतो. स्विच म्हणजे नळ, कपॅसिटर म्हणजे माठ. ३ व्होल्टचे ४,०९६ भाग पाडले, तर एक पायरी पाऊण मिलिव्होल्टहूनही लहान. चूक याच्या आत राहायला हवी.

पहिली चूक, माठ पुरता न भरणं. एकाच मापकाकडे अनेक तारा आळीपाळीने जोडल्या जात असतील, तर आधीच्या तारेचा अंश पुढच्या मापात उरतो. भरण्याचा वेग रोध आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारावर ठरतो; एवढ्या बारकाईसाठी त्या गुणाकाराच्या सुमारे ९ पट वेळ द्यावा लागतो. तेवढा वेळ नसेल तर मध्ये बफर अँप्लिफायर बसवतात.

दुसरी चूक, नळ बंद करताना पडणारा शेवटचा थेंब. स्विचमधला १ पिकोकूलंब विद्युतभार १,००० पिकोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये गेला, तर १ मिलिव्होल्टचा फरक पडतो. तिसरी, गळती. त्याच कपॅसिटरमधून १ नॅनोअँपिअर गळत असेल, तर एका मिलिसेकंदात १ मिलिव्होल्ट जातो. चौथी, मुरणं. कपॅसिटरच्या आतल्या पदार्थात आधीचा दाब मुरतो आणि मागाहून पाझरतो. यावर पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी बरा.

मग माठच मोठा का घेऊ नये? थेंब आणि गळती दोन्ही कमी जाणवतील. पण माठ भरायला उशीर, म्हणजे पहिली चूक वाढली!

इथे एक युक्ती मला फार आवडते. शेवटचा थेंब येणाऱ्या दाबानुसार लहानमोठा झाला, तर आलेखाचा आकारच बिघडतो. म्हणून कपॅसिटरच्या दुसऱ्या, जमिनीकडच्या टोकाचा स्विच क्षणभर आधी उघडतात. तिथला दाब नेहमी तोच, म्हणून थेंबही जवळपास तेवढाच. शिवाय शेजारी तसाच जोडीदार कपॅसिटर ठेवून दोहोंतला फरक मोजला, की दोघांवर सारखा पडलेला थेंब बव्हंशी वजा होतो.

चूक पुरती पुसता येत नाही. पण ती प्रत्येक वेळी सारखीच होईल अशी व्यवस्था केली, की हिशेबातून काढता येते. डॉक्टरांसमोरच्या त्या १ मिलिमीटरवर विश्वास ठेवता येतो, तो या खटपटीमुळेच.