चांदीचा टी-सेट : मोल चांदीचं किती, घडणावळीचं किती?

बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या आपण बायका सोनाराकडे जातो त्या जोडवी, पैंजण, नाहीतर बाळाच्या वाळ्यांसाठी. पण अलीकडे लग्नाच्या आहेरात चांदीचा टी-सेटही दिसू लागला आहे. किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं आणि ट्रे.

आमच्या गटातल्या एका ताईंनी आहेरात आलेला असा सेट कपाटात जपून ठेवला होता. लेकीच्या फीला पैसे कमी पडले, तेव्हा त्या तो मोडायला घेऊन गेल्या. सोनाराने किटलीचं बूड जरा घासून पाहिलं, तर आत पितळ! वर नुसता मुलामा. शेवटी फीसाठी गटातून कर्ज काढावं लागलं. म्हणून आज हा विषय घेतला.

बाजारात चांदीसारखी दिसणारी भांडी तीन प्रकारची असतात. पहिली खऱ्या चांदीची. दुसरी पितळेवर किंवा तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली. तिसरी जर्मन सिल्व्हरची. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात असतं तांबं, जस्त आणि निकेल. चांदी औषधालाही नसते. ही भांडी वापरायला वाईट नाहीत, पण मोडीत त्यांना चांदीचा भाव नाही.

आपल्या भागातून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. तिचा रथ चांदीचा म्हणतो, तरी आतला सांगाडा लाकडाचा असतो, वर चांदीचा पत्रा मढवलेला. देवाच्या रथाला ते शोभतं. पण आपण वजनावर पैसे मोजतो, तेव्हा आत काय आहे हे विचारायलाच हवं.

खरी चांदीही निव्वळ नसते. शुद्ध चांदी मऊ, लगेच पोचा पडतो, म्हणून तिच्यात बहुधा तांबं मिसळतात. ९२५ आकडा म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. समजा सेटचं वजन ६०० ग्रॅम आहे आणि त्यात लाकडी मुठी १०० ग्रॅमच्या. मग धातू उरला ५०० ग्रॅम आणि त्यात निव्वळ चांदी ४६२.५ ग्रॅम. मुठीचं लाकूड चांदीच्या भावाने घेऊ नका.

मूठ लाकडाची का? चांदीतून उष्णता फार लवकर पसरते. मूठही चांदीची असली तर गरम चहाची किटली हातात धरवत नाही. कॉफीची किटली उंच आणि चहाची बसकी असते, एवढाच दोन्हींत वरवरचा फरक.

असे सेट आपल्याकडे इंग्रजांच्या काळात घडू लागले. भुजचे ओमरसी मावजी त्यातले नामांकित कारागीर. त्यांच्या हातच्या भांड्यांना आज चांदीच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त किंमत येते. आजच्या डिझायनर सेटचा घाट साधा असतो, नक्षी कमी असते, पण घडणावळ भरपूर लावतात. आणि मोडायला गेलं की घडणावळ परत मिळत नाही. हौस म्हणून घ्यायचा तर खुशाल घ्या. अडीअडचणीची पुंजी म्हणून घेत असाल, तर घडणावळ कमी असलेली वस्तू बरी.

घेताना प्रत्येक भांड्यावर हॉलमार्क पाहा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक देण्याची सोय झाली. तेव्हा ती सक्तीची केलेली नव्हती, म्हणून आपणच मागून घ्यायचं. हा क्रमांक मोबाइलवरच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. पक्क्या बिलावर शुद्धता, चांदीचं वजन, त्या दिवशीचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे. ती खोटी आहे म्हणून नव्हे. राखेने घासू नका, ओरखडे पडतात. मुलाम्याचं भांडं असेल तर मुलामाच निघून जातो. मऊ फडक्याने पुसा, सुती कापडात गुंडाळा, आणि रबर बँड लावू नका, कारण रबरातही गंधक असतं.

आणि आहेरात सेट आला, तर बिलही मागून ठेवा. मागायला संकोच वाटेल खरा, पण आमच्या ताईंकडे ते बिल असतं, तर कपाटात काय ठेवलं आहे हे त्यांना आधीच कळलं असतं.