किती पावलं झाली?

कॅन्सरचे उपचार संपवून घरी आलेल्या माणसाला आपल्याकडे सगळ्यात आधी काय ऐकायला मिळतं? ‘आता आराम कर, दगदग नको.’ एके काळी डॉक्टरही हेच सांगत. अमेरिकेत ओहायोमध्ये १९८० च्या दशकात मेरिल विनिंगहॅम या नर्सिंगच्या संशोधिकेने किमोथेरपी चालू असलेल्या बायकांना व्यायामाच्या सायकलवर बसवलं, तेव्हा या समजुतीला पहिले तडे गेले. १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या डॉ. डॉन मॅकेन्झींनी स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या २४ बायकांच्या हाती ड्रॅगन बोटीची वल्ही दिली. हात सुजतील ही भीती फोल ठरली.

पण व्यायाम चांगला हे पटलं तरी त्यासाठी रोज इस्पितळात कोण येणार? म्हणून सुरुवातीचा दूरस्थ व्यायाम चक्क पोस्टाने गेला. २००९ मध्ये निकाल आलेल्या ‘रिन्यू’ या चाचणीत कॅन्सरमधून उठलेले, पासष्टी ओलांडलेले ६४१ जण होते. त्यांतल्या एका गटाच्या घरी पुस्तिका, पावलं मोजायचं यंत्र आणि ताणायचे रबरी पट्टे गेले. वर्षभर अधूनमधून सल्लागाराचा फोन. वर्षअखेरीस त्यांच्या हालचालींच्या क्षमतेतली घसरण इतरांच्या निम्म्याहून कमी निघाली. माझ्या मते यातली खरी करामत पट्ट्यांची नव्हे, फोनची.

मग इंटरनेट आलं. २०१३ च्या ‘फिटनेट’ प्रयोगात २१ ते ३९ वयाचे ८६ जण बारा आठवडे फेसबुकच्या गटांत होते. एका गटाला भरपूर मार्गदर्शन, दुसऱ्याला बेताचं. गंमत म्हणजे व्यायाम दोन्ही गटांत वाढला! हलक्या हालचालींत तेवढा पहिला गट पुढे राहिला.

२०२० च्या टाळेबंदीत झूमवाचून पर्यायच उरला नाही. कॅनडात कॅल्गरीहून लांबच्या खेड्यांतल्या लोकांचे वर्ग पडद्यावर भरू लागले. त्याच सुमारास आमची मावशीही असाच एक वर्ग करू लागली. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला. पहिल्या दिवसाचा अर्धा तास ‘माझा आवाज येतोय का’मध्येच गेला. मग भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम. ‘मावशी, खांदा कानाकडे नको,’ पडद्यातून शिकवणाऱ्या ताई म्हणायच्या. हात पोचेल तिथे मावशी पेन्सिलने खूण करायची. दारामागे अजून त्या अकरा रेघा आहेत, सगळ्यात वरची कॅलेंडरच्या खिळ्याला टेकलेली.

२०२५ मध्ये ‘चॅलेंज’ चाचणीचा निकाल आला आणि व्यायामाचं पारडं एकदम जड झालं. आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण, तीन वर्षं आखून दिलेला व्यायाम. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटात ९०.३ टक्के हयात होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ८३.२ टक्के. बातम्यांत आकडे ठळक छापून आले. त्या तीन वर्षांत आधी पंधरवड्याने, मग महिन्याने, कधी समोरासमोर तर कधी दुरून, कुणीतरी चौकशी करत होतं, हे मात्र फारसं कुणी छापलं नाही.

मावशीचा वर्ग केव्हाच संपला. वर्गाच्या फोनवरच्या गटावर आता फुलांचे फोटो आणि सुप्रभात. पण नांदेडच्या एक बाई रोज साडेसातला न चुकता विचारतात, ‘किती पावलं झाली?’ म्हणून मावशी सातलाच चपला शोधायला लागते.