पाऊस भरपूर, पाणी मात्र नाही : दोंग वानचे दगडी पठार

व्हिएतनाम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाण्याने भरलेली भातखाचरे येतात. मेकाँग आणि लाल नदी यांच्या त्रिभुज प्रदेशांचे चित्र पाठ्यपुस्तकांत असते आणि ते खोटे नाही. पण त्याच देशाच्या उत्तर टोकाला, चीनच्या सीमेला लागून, असा एक डोंगराळ मुलूख आहे की जिथे भाताची गोष्टच निघत नाही. तिथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही हिवाळ्यात माणसे पाण्याच्या शोधात डोंगर उतरतात. हा मुलूख म्हणजे दोंग वानचे पठार. इतका पाऊस पडूनही पाणी का नाही, या एका प्रश्नाचा माग काढत गेलो तर खडक, हवामान, माती, शेती आणि माणसाचे कष्ट यांची एकमेकांत गुंतलेली साखळी हाती लागते. भूगोल आणि रसायनशास्त्र हे दोन वेगळे तास नाहीत, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

स्थान आणि हवामान

या पठारावर पूर्वी हा झांग प्रांतातील चार जिल्हे होते : क्वान बा, येन मिन्ह, दोंग वान आणि मेओ वाक. तिथला जिल्हा क्षेत्रफळाने आपल्या एखाद्या तालुक्याएवढा किंवा त्याहूनही लहान असे. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने जिल्हा हा प्रशासकीय स्तरच रद्द केला आणि हा झांग प्रांतही शेजारच्या त्वेन क्वांग प्रांतात विलीन झाला. नकाशावरील नावे अशी बदलली तरी डोंगर जागचे हललेले नाहीत. चारही जिल्ह्यांचे मिळून सुमारे २,३५० चौरस किलोमीटर क्षेत्र आज 'दोंग वान कार्स्ट पठार भूउद्यान' म्हणून ओळखले जाते. २०१० मध्ये त्याला जागतिक भूउद्यानांच्या जाळ्यात स्थान मिळाले आणि २०१५ पासून ते युनेस्कोचे जागतिक भूउद्यान आहे.

पठाराचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून १,००० ते १,६०० मीटर उंचीवर आहे. अक्षांश सुमारे २३ अंश उत्तर, म्हणजे कर्कवृत्ताच्या अगदी खाली. आपले भोपाळ शहर जवळजवळ याच अक्षांशावर आहे. पण भोपाळला कधी बर्फ पडत नाही. दोंग वानला मात्र हिवाळ्यात हिमतुषार दिसतात आणि एखाद्या वर्षी बर्फही पडतो. हा फरक कशामुळे?

पहिले कारण उंची. हवेत दर किलोमीटर वर गेल्यास तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने उतरते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सायबेरियावरून निघणारे हिवाळी थंड वारे आपल्यापर्यंत पोचत नाहीत, कारण मध्ये हिमालयाची भिंत उभी आहे. व्हिएतनामच्या उत्तरेला अशी भिंत नाही. दक्षिण चीनवरून ईशान्येकडील थंड हवा सरळ खाली घसरते. उन्हाळ्यात मात्र वाऱ्यांची दिशा बदलते आणि मे ते ऑक्टोबर या काळात वर्षाचा बहुतेक पाऊस पडून जातो. उरलेले सहा महिने धुके, थंडी आणि कोरड. टंचाई याच काळातली.

खडक जो पाण्यात विरघळतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाऊस पडतो तर पाणी जाते कुठे? उत्तर खडकात आहे. या पठाराचा मोठा भाग चुनखडकाचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्यातील जीवांची कवचे व चुन्याचा गाळ तळाशी साचत गेला आणि त्याचे थरावर थर चढून खडक बनला. लुंग कू भागातील खडकांत ट्रायलोबाइट या नामशेष जीवांचे जीवाश्म सापडतात; ते खडक कॅम्ब्रियन कालखंडातले, म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. पुढे भारतीय भूपट्ट आशियाला भिडला, त्या रेट्याचे परिणाम फार दूरवर पोचले, आणि हा समुद्रतळ उचलला जाऊन आजचे डोंगर झाले.

चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. पण पावसाचे पाणी शुद्ध नसते. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. हवेत या वायूचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्केच असते. परंतु मातीत मुळे आणि सूक्ष्मजीव सतत श्वसन करत असल्यामुळे मातीतील हवेत ते कित्येक पटींनी अधिक असते. म्हणून मातीतून झिरपलेले पाणी जास्त आम्लधर्मी होते. हे आम्ल कॅल्शियम कार्बोनेटचे रूपांतर कॅल्शियम बायकार्बोनेटमध्ये करते, आणि बायकार्बोनेट पाण्यात सहज विरघळून वाहून जाते.

ही क्रिया वर्गात दाखवता येते. चुन्याची स्वच्छ निवळी परीक्षानळीत घ्या. तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडा. (संगमरवराच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून तो मिळेल.) निवळी दुधाळ होईल, हे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपला चुनखडक. बहुतेक वर्गांत प्रयोग इथेच थांबतो. तो थांबवू नका. वायू सोडत राहा. थोड्या वेळाने दुधाळपणा जाऊन द्रव पुन्हा स्वच्छ होईल. खडक विरघळला! आता हा स्वच्छ द्रव उकळा. कार्बन डायऑक्साइड निघून जाईल आणि द्रव पुन्हा गढूळ होईल. दोंग वानच्या गुहांमध्ये छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातून वायू निसटतो आणि चुन्याचे लोलक तयार होतात, त्यामागचे तत्त्वही हेच. ज्यांच्या घरी शहाबादी किंवा कोटा फरशी आहे त्यांनी लिंबाचा रस सांडल्यावर तिच्यावर उमटणारा डाग पाहिलेला असतो. त्या फरश्याही चुनखडकाच्याच.

डोंगरात ही क्रिया लाखो वर्षे चालली की खडकातल्या बारीक भेगा रुंद होतात. भेगांची विवरे, विवरांच्या गुहा आणि गुहांच्या भूमिगत नद्या होतात. वर जमिनीवर टोकदार सुळके आणि मध्ये वाटीसारखे खळगे उरतात. अशा भूरूपाला 'कार्स्ट' म्हणतात. स्लोव्हेनियातील क्रास नावाच्या पठारावरून हे नाव पडले. कार्स्ट प्रदेशात ओढे वाहता वाहता एखाद्या विवरात शिरून दिसेनासे होतात. पाऊस पडतो तो जणू चाळणीवर.

इथे आपल्या सह्याद्रीशी तुलना करून पाहावी. सह्याद्रीच्या माथ्यावरील अनेक गावांतही धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात टँकर लागतो. परिणाम सारखा, पण कारण अगदी उलट. आपला बेसॉल्ट बराचसा घट्ट आहे. पाणी आत फारसे शिरत नाही, उतारावरून धावत निघून जाते. दोंग वानला पाणी वाहायला थांबतच नाही, ते थेट खाली जाते. एकीकडे पाणी पळते, दुसरीकडे पाणी बुडते. म्हणून एकीकडचा उपाय दुसरीकडे जसाच्या तसा चालत नाही. आपल्याकडे नाल्यावर घातलेल्या बंधाऱ्यात पाणी अडते; तिथे तळाला अस्तर नसेल तर तळे आपोआप रिकामे होते.

खाली नदी, वर गाव

हे बुडालेले पाणी कुठेतरी बाहेर येणारच. ते येते खोल दऱ्यांच्या तळाशी. युनानमधून येणारी न्यो क्वे नदी या पठाराला चिरत जाते. पुढे ती गाम नदीला, गाम लो नदीला आणि लो लाल नदीला मिळते. जमीन उचलली जात असताना नदी तळ खोदत राहिली आणि मा पी लेंग खिंडीखाली शेकडो मीटर खोलीची घळ तयार झाली. खिंडीतून पाहिले तर नदी हिरव्या दोऱ्यासारखी दिसते. भूजलाची पातळी या नदीच्या पातळीशी बांधलेली आहे. नदी जितकी खोल गेली तितके भूजलही खोल गेले आणि वरची गावे कोरडी पडली.

खालचे पाणी वर आणण्याची किंमत किती, याचे गणित मुलांकडून करवून घ्यावे. समजा ५० किलो वजनाची एक स्त्री २० लिटर पाणी घेऊन ५०० मीटर उंची चढते. एकूण वजन ७० किलो. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला तर कार्य येते सुमारे ३,४३,००० ज्यूल, म्हणजे ८२ किलोकॅलरी. आपल्या स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरली तर शरीराला प्रत्यक्षात ३३० ते ४१० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. १०० ग्रॅम मक्याच्या पिठातून साधारण एवढीच ऊर्जा मिळते. म्हणजे त्या एका खेपेसाठी एका वेळच्या जेवणातला मोठा वाटा खर्ची पडला. पाणीटंचाई ही भुकेशी कशी जोडलेली असते, हे आकडेच सांगतात.

मूठभर माती

पाण्याइतकीच माती दुर्मीळ आहे. चुनखडक विरघळतो तेव्हा जवळजवळ सगळा वाहून जातो. मागे उरते ती त्यातील न विरघळणारी थोडीशी चिकणमाती. मानू या की हजार वर्षांत ५ सेंटीमीटर खडक विरघळतो आणि त्यात ४ टक्के माती आहे. तर हजार वर्षांत २ मिलिमीटर माती तयार होईल. वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटर, माती व्हायला एक लाख वर्षे लागतील! हे उदाहरणासाठी धरलेले आकडे असले तरी त्यांतून वेगाचा अंदाज येतो. डोंगरावरचे झाड तोडले की हीच माती दोन-चार पावसाळ्यांत विवरांत धुऊन जाते आणि मागे नुसता दगड राहतो. याला शैल मरुभवन म्हणतात. पाऊस भरपूर असूनही वाळवंट होऊ शकते, ते असे. सीमेपलीकडे चीनच्या युनान, ग्वांगशी आणि ग्वेइचौ प्रांतांतही हाच प्रश्न आहे, कारण खडकाचा पट्टा एकच आहे.

इथले बहुसंख्य लोक ह्मोंग जमातीचे. गेल्या काही शतकांत ते दक्षिण चीनमधून या डोंगरांत आले. त्यांनी जी शेती घडवली ती मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. दगडाच्या खोबणीत जिथे ओंजळभर माती असेल तिथे ते मक्याचे दाणे टोकतात. माती नसेल तर खालून पाटीतून आणून खोबणीत भरतात आणि ती वाहून जाऊ नये म्हणून कडेला लहान दगड रचतात. मक्याच्या जोडीला घेवडा आणि भोपळा असतो. घेवड्याच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू नायट्रोजन स्थिर करतात, भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल टिकवतात आणि मका वेलींना आधार देतो. दगडाचाही उपयोग होतो : दिवसा तापलेला दगड रात्री उष्णता सोडतो आणि रोपांना थंडीची झळ कमी लागते. मक्याचा भरडा वाफवून केलेला 'मेन मेन' हे तिथले रोजचे अन्न. याखेरीज कापडासाठी अंबाडीसारखे धागे देणारे भांगेचे पीक आणि कुट्टू ही पिके घेतात. कुट्टू म्हणजे उत्तरेकडे उपवासाला ज्याचे पीठ वापरतात तेच धान्य. निकस जमिनीत आणि थंडीत ते लवकर तयार होते.

रस्ता, तळी आणि पंप

१९५९ ते १९६५ या काळात या मुलखात पहिला मोटाररस्ता झाला. मा पी लेंगच्या उभ्या कड्यावर तरुण कामगारांनी दोरांना लटकून, हातातल्या छिन्न्यांनी खडक फोडला. त्या रस्त्याला 'सुखाचा मार्ग' असे नाव आहे. त्यानंतर मीठ, औषधे आणि शाळेची पुस्तके वर पोचणे सोपे झाले.

पाण्यासाठी दोन मार्ग अवलंबले गेले. पहिला, या शतकाच्या सुरुवातीपासून बांधलेली 'टांगती तळी'. डोंगराच्या उंच खळग्यात अस्तर घालून पाणी साठवायचे आणि ते कोरड्या महिन्यांसाठी राखायचे. पाझर असलेल्या खडकात अस्तर हाच या उपायाचा जीव आहे. दुसरा मार्ग दोंग वानजवळ सेओ हो येथील जलविद्युत केंद्राशी जोडलेला. जर्मनीतील कार्ल्सरुहे तंत्रविज्ञान संस्था आणि व्हिएतनामी सहकारी यांनी २०१३ पासून इथे काम केले. त्यांनी साधा पंप उलटा चालवून त्याचा टर्बाइन म्हणून उपयोग केला. पडणाऱ्या पाण्याने हा टर्बाइन फिरतो आणि त्याच आसावर बसवलेला दुसरा पंप काही पाणी शेकडो मीटर वर चढवतो. मध्ये वीज तयार करण्याची गरजच नाही. पुष्कळ पाण्याने थोडी उंची उतरायची आणि त्या ऊर्जेवर थोड्या पाण्याने पुष्कळ उंची चढायची, असा हा सरळ हिशेब आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. याच संस्थेने त्याआधी जावा बेटावरील चुनखडकाच्या भागात, एका गुहेतील नदीवर, अशीच योजना केली होती.

तरीही एक धोका उरतोच. वाळूतून किंवा मुरमातून झिरपणारे पाणी गाळले जाते; चुनखडकाच्या विवरांतून पाणी न गाळताच धावते. एका खळग्यात टाकलेला कचरा किंवा सांडपाणी काही तासांत वा दिवसांत दुसऱ्या गावाच्या झऱ्याला येऊ शकते. अलीकडे या पठारावर पर्यटकांची गर्दी वाढली आहे आणि खानावळी, निवासगृहेही वाढली आहेत. वरच्या गावाचे सांडपाणी कुठे जाते हा प्रश्न त्यामुळे केवळ स्वच्छतेचा राहत नाही. तो खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्याचा होतो.

वर्गासाठी

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. आपल्या गावाचा असाच अभ्यास मुलांकडून करून घ्यावा. पाऊस किती पडतो? खाली कोणता खडक आहे? पाणी पळते, मुरते की बुडते? विहिरींची पातळी मार्गशीर्षात किती आणि वैशाखात किती? एक घागर भरून आणण्यासाठी घरातील कोण, किती अंतर आणि किती उंची चालते? वर दिलेल्या रीतीने त्या खेपेची ऊर्जा काढावी आणि ती किती भाकरींच्या बरोबरीची आहे ते मांडावे. दोंग वानचे लोक ओंजळभर मातीचाही हिशेब ठेवतात. आपल्या गावाच्या पाण्याचा हिशेब निदान एका वहीत लिहिलेला असावा, आणि ती वही शाळेतच तयार होऊ शकते.