पोचलेल्यांची पुढची वाट

पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला तुरुंगातून पत्र लिहिलं. मागे अनेक वर्षांची पायपीट, फटके, दगडफेक आणि उपासमार होती. ठिकठिकाणी त्याने उभ्या केलेल्या मंडळ्या होत्या. विश्वासात पोचलेला माणूस कोण, असं त्या काळच्या कुणाही ख्रिस्ती माणसाला विचारलं असतं तर त्याने पौलाचंच नाव घेतलं असतं. आणि हाच पौल त्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगतो की मी अजून पूर्ण झालेलो नाही, ते माझ्या हाती लागलेलं नाही, मागचं विसरून मी पुढच्यासाठी धावतो आहे. हे झालं बाराव्या-तेराव्या वचनात. पंधराव्या वचनात तो लिहितो की आपल्यात जे प्रौढ झाले आहेत त्यांनी नेमकी हीच मनोवृत्ती ठेवावी.

म्हणजे आपण प्रौढ आहोत, आणि आपण अजून तिथे पोचलेलो नाही, ही दोन्ही विधानं दोन-तीन वचनांच्या अंतरात एकाच माणसाने केली. त्याला त्यात काही विसंगत वाटलेलं दिसत नाही. आध्यात्मिक प्रौढतेची ख्रिस्ती कल्पना किती वेगळी आणि किती थक्क करणारी आहे, हे समजून घ्यायला या दोन वचनांच्या मधल्या फटीतूनच आत शिरावं लागतं.

आधी अप्रौढता म्हणजे काय ते पाहू, कारण ते पौलाने फार स्पष्ट सांगितलं आहे. इ.स. ५४-५५ च्या सुमारास त्याने करिंथच्या मंडळीला लिहिलं. करिंथ हे दोन बंदरांचं श्रीमंत, गजबजलेलं शहर. तिथली मंडळी आत्मिक दानांच्या बाबतीत कुठेच कमी नव्हती. अन्य भाषांमध्ये प्रार्थना करणारे तिथे होते, भविष्यवाणी सांगणारे होते, वक्तृत्वाची आणि ज्ञानाची चढाओढच होती. अशा मंडळीला पौल म्हणतो की तुम्ही तान्ही बाळं आहात, तुम्हाला मी दूधच पाजलं, जड अन्न तुम्हाला अजूनही पचणार नाही. त्याचा पुरावा म्हणून तो त्यांच्या भांडणांकडे बोट दाखवतो. कुणी म्हणतो मी पौलाचा, कुणी म्हणतो मी अपुल्लोसाचा. एकमेकांना ते कोर्टात खेचतात. प्रभुभोजनाला जमतात तेव्हा सुखवस्तू लोक आधीच खाऊनपिऊन मोकळे होतात आणि गरीब उपाशी राहतात. कुणाला वाटेल, प्रार्थनेत एवढी उंची गाठलेल्यांचं हे जेवणाच्या पंगतीतलं वागणं म्हणजे किरकोळ बाब आहे. पौलाला तसं वाटत नाही. त्याच्या लेखी मोजपट्टी तिथेच आहे. दानांच्या सगळ्या चर्चेच्या मधोमध तो प्रीतीवरचा तेरावा अध्याय ठेवतो आणि त्याच अध्यायात, लहान होतो तेव्हा लहान मुलासारखं बोलायचो आणि मोठा झाल्यावर ते सोडलं, असं म्हणतो. हे वाक्य लग्नसमारंभात वाचून दाखवतात तेव्हा ते गोड वाटतं. करिंथच्या लोकांना ते झोंबलं असणार.

इफिसकरांस पत्रात तर आणखी एक वळण येतं. तिथे ख्रिस्ताच्या पूर्ण उंचीपर्यंत वाढायचं आहे ते आपण सगळ्यांनी मिळून, सांध्यांनी जोडलेल्या एका शरीरासारखं. एकटाच प्रौढ झालेला अवयव तिथे संभवतच नाही. इब्री लोकांस लिहिलेलं पत्र याहून धीट आहे. खुद्द पुत्र असूनही येशू दुःख सोसता सोसता आज्ञाधारकपणा शिकला, असं ते सांगतं. लूकही बारा वर्षांच्या येशूबद्दल लिहिताना त्याची शहाणपणात आणि अंगाने वाढ होत गेली हे आवर्जून नोंदवतो. ज्याला देव मानायचं, तोच वाढला, शिकला. वाढणं ही कमीपणाची खूण असती तर हे कसं चाललं असतं?

आणि खरी अडचण इथेच होती, कारण ज्या ग्रीक जगात हा विश्वास पसरला तिथे वाढणं ही कमीपणाचीच खूण होती. प्लेटोच्या परंपरेत वाढलेल्या मनाला पूर्ण ते अचल वाटायचं. जे बदलतं ते अपूर्ण, कारण पूर्णाला बदलायला जागाच उरत नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ओरिजेन, ख्रिस्ती विचारवंतांतला फार मोठा माणूस, आत्म्यांच्या पतनाचं एक कारण असं सांगून गेला की देवाच्या सान्निध्यात राहून राहून त्यांना तृप्ती आली, ओढ ओसरली आणि ते घसरले. यातली भीती खोल आहे. देवाचाही कंटाळा येऊ शकत असेल, तर स्वर्गात पोचूनही माणूस पुन्हा खाली येऊ शकतो.

या कोड्यावर चौथ्या शतकात उत्तर दिलं ते नीसाच्या ग्रेगरीने. त्याचा कप्पदुकिया प्रांत आजच्या तुर्कस्तानात मोडतो. जन्म इ.स. ३३५ च्या आसपासचा, पेशा आधी वक्तृत्व शिकवण्याचा. थोरला भाऊ बासिल याने त्याला ३७२ मध्ये नीसा या लहानशा गावाचा बिशप केलं. काही वर्षांतच विरोधकांनी त्याच्यावर मंडळीच्या पैशांच्या अफरातफरीचा आरोप ठेवून त्याला पदावरून हटवलं, आणि सम्राट व्हालेन्सच्या मृत्यूनंतर ३७८ मध्ये तो परतला. हा माणूस उतारवयात, केस पिकल्यावर, मोशेच्या चरित्रावर एक पुस्तक लिहितो, कारण कुणीतरी त्याला विचारलं आहे की पूर्ण जीवन म्हणजे काय.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो विचारणाऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेतो. मोजता येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कुठेतरी शेवट असतो, आणि तो शेवट गाठला की ती पूर्ण होते. पण देव म्हणजे अमर्याद चांगुलपण. चांगुलपणाला मर्यादा घालू शकतं ते फक्त वाईट, आणि देवात वाईट नाही. मग त्याच्यात सहभागी होणाऱ्याची ओढ कुठे थांबणार? या बाबतीत पूर्णत्वाची एकच मर्यादा आहे, ती म्हणजे मर्यादा नसणं. वाढत राहणं हेच माणसाचं पूर्णत्व. शांतपणे केलेल्या या चार-पाच विधानांनी शतकानुशतकांचं ग्रीक गृहीतक उलटं होतं. ज्या बदलत्या स्वभावाला दोष मानलं जात होतं तोच माणसाचा पंख ठरतो. बदलू शकतो म्हणूनच तो अधिकाधिक चांगला होऊ शकतो. ओरिजेनच्या भीतीलाही इथेच उत्तर मिळतं. देवाला पाहून तृप्ती येते खरी, पण ती तृप्तीच पात्र मोठं करते, आणि मोठं झालेलं पात्र पुन्हा तहानतं.

मग तो मोशेची कथा उलगडतो, आणि माझ्या मते ख्रिस्ती लेखनातली ती सर्वांत सुंदर चढण आहे. मोशेला देव प्रथम भेटतो तो जळत्या झुडपाच्या उजेडात. नंतर ढगात. आणि शेवटी सीनाय पर्वतावर, गडद अंधारात. आपण उलट्या क्रमाची अपेक्षा करतो. अंधाराकडून उजेडाकडे जायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. ग्रेगरी म्हणतो की सुरुवातीला उजेड हवा, खोट्यातून खरं ओळखण्यासाठी. पण जसजसं मन पुढे जातं तसतसं त्याला उमगतं की देव आपल्या समजुतीत मावत नाही, आणि हे न मावणं दिसणं म्हणजेच पाहणं. विश्वासाच्या सुरुवातीला ज्यांना सगळं लख्ख दिसत होतं आणि पुढे जाऊन काही दिसेनासं झालं, अशा किती जणांना वाटलं असेल की आपण मागे पडलो! ग्रेगरीच्या नकाशात ते कदाचित पर्वतावर वर चढलेले असतात.

आणि मग निर्गमाच्या तेहेतिसाव्या अध्यायातला तो विलक्षण प्रसंग येतो. मित्र मित्राशी बोलावा तसा देव मोशेशी समोरासमोर बोलत असे, असं आधी सांगितलेलं आहे. फारोचा पाडाव, समुद्राची दुभंगलेली वाट, मान्ना, दगडी पाट्या, सगळं होऊन गेलं आहे. तरीही मोशे मागणं मागतो की तुझं तेज मला दाखव. जणू आजवर काही पाहिलंच नाही! देव त्याला खडकाच्या कपारीत उभं करतो आणि आपली पाठ दाखवतो. ग्रेगरी इथे थांबून विचारतो की देवाला पाठ कशी असेल? आणि स्वतःच उत्तर देतो. पाठ कुणाला दिसते, तर जो मागून चालतो त्याला. मोशेला नकार मिळालेला नाही, त्याला दिशा मिळाली आहे. जो समोर उभा राहतो तो वाटाड्याच्या उलट दिशेला तोंड करून असतो. देवाला पाहायचं तर त्याच्या मागे चालायचं, आणि चालणं थांबलं की दिसणंही थांबलं.

खडकाचाही त्याने किती नेमका उपयोग केला आहे! वाळूचा चढ चढणारा कितीही मोठी पावलं टाको, पाय मागे घसरतात. दमछाक होते आणि माणूस जागच्या जागी राहतो. ज्याचे पाय खडकावर आहेत, आणि ग्रेगरीसाठी खडक म्हणजे ख्रिस्त, तो जितका घट्ट उभा तितका वेगाने पुढे जातो. स्थिर असणं आणि पुढे जाणं इथे एकच होऊन जातं. पौलाच्या त्या दोन वचनांमधली फट मला तरी इथे भरून येताना दिसते.

हे सगळं ग्रेगरीने केवळ विचार करून काढलं असं मला वाटत नाही. ते त्याने आपल्या घरात पाहिलं होतं. त्याची सर्वांत मोठी बहीण माक्रिना. ठरलेला नवरा लग्नाआधीच वारला, तेव्हा तिने दुसरं लग्न नाकारलं. पुनरुत्थानाच्या आशेने तो जिवंतच आहे, फक्त प्रवासाला गेला आहे, ही तिची भूमिका होती. अथेन्सहून शिकून, विद्वत्तेचा ताठा घेऊन परतलेल्या बासिलला वळणावर आणलं ते तिने. धाकटा भाऊ पेत्र याची ती बहीणही आणि गुरूही होती. आईचं मन वळवून तिने घरातल्या दासींना बरोबरीच्या बहिणी केलं. मालकिणी आणि दासी एकाच पंगतीला, एकच अन्न खाऊ लागल्या. करिंथच्या पंगतीत जे जमलं नव्हतं ते आयरिस नदीकाठच्या या घरात रोजचं झालं. दुष्काळात रस्त्यावर टाकून दिलेल्या मुलींना उचलून तिने वाढवलं.

३७९ मध्ये ग्रेगरी तिला भेटायला गेला. बासिल नुकताच वारला होता, ग्रेगरी आतून कोसळला होता, आणि इथे येऊन पाहतो तो बहीण जमिनीवरच्या फळीवर तापाने फणफणत पडलेली. रडू लागला तो बिशप असलेला भाऊ, आणि धीर देऊ लागली ती मरणाच्या दारातली बहीण. आत्मा, मृत्यू, पुनरुत्थान यांवर ती बोलत राहिली. त्या बोलण्यावर त्याने पुढे आत्मा आणि पुनरुत्थान यांविषयीचा संवाद लिहिला. त्यात शंका काढणारा विद्यार्थी तो स्वतः आहे आणि माक्रिनाला त्याने गुरू म्हटलं आहे. चर्चमध्ये बिशपपद असलेला पुरुष, चौथ्या शतकात, कोणतंही पद नसलेल्या बाईला गुरू म्हणतो! दिवेलागणीला तिचा आवाज गेला तरी प्रार्थनेचे ओठ हलत होते, हे त्याने तिच्या चरित्रात टिपून ठेवलं आहे. तिला अखेरचं नेसवायला पेटीत वस्त्र शोधलं, तर काहीच निघालं नाही. जाडंभरडं अंगावरचं, डोक्यावरचं आच्छादन आणि झिजलेली पायताणं, एवढीच तिची मालमत्ता. ग्रेगरीला आयुष्यभर पुरेल असा पूर्णत्वाचा अर्थ त्या खोलीत सापडला असावा, आणि तो थांबण्यासारखा तर मुळीच नव्हता. त्याच्या वर्णनात ती शेवटच्या क्षणांत, जणू लाडक्या माणसाकडे निघाल्यासारखी, घाईत आहे.

मराठीत ही वाढ उलगडून पाहायची तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. मधल्या काळात वियोग होता, सोवळं-ओवळं होतं, राग होता, आणि एकेका समजुतीशी चाललेली झटापट होती. माणसाने माणसाला विटाळ मानावा हे देवाने केलं की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला, बाप्तिस्मा मागून आला. नंतरही घरात अनाथ मुलं येत राहिली, कमाई वाटली जात राहिली, आणि नवऱ्याच्या या उधळ्या दयेशी भांडत भांडतच लक्ष्मीबाईंचं मन मोठं होत गेलं. प्रौढतेचं इतकं प्रामाणिक, इतकं घरगुती चित्र मराठी ख्रिस्ती वाङ्मयात दुसरं नाही.

आणि टिळक? ख्रिस्ती मराठी जगात त्यांचा शब्द मानला जात होता, त्यांची पदं मंडळ्यांमध्ये गायली जात होती. तरी १९१७ मध्ये, पंचावन्नी उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्याचं दार उघडं होतं. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्ध्यातच राहिलं होतं. लहानपणी शाळेचं तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.